आमच्या व्याह्यांचे विधेयक

मुंबईच्या विमानतळावर जी म्हणून विमानं उतरली, ती सगळी माझ्या व्याह्यांना विचारून उतरली. निदान त्यांच्या पाळीत तरी. हे ऐकायला फुशारकीचं वाटेल, पण ती फुशारकी माझी आहे. त्यांच्या तोंडून असलं काही कधी निघालं नाही. ते एवढंच म्हणत, "आपन नुसतं सांगायचं व्याही, उतरायचं काम त्यांचं." विमानतळावरच्या काचेच्या उंच मनोऱ्यात बसून वैमानिकांशी रेडिओवर बोलायचं, कोणी आधी उतरायचं आणि कोणी आभाळात घिरट्या घालत थांबायचं ते ठरवायचं, ही त्यांची नोकरी. घर कर्जतला, भिसेगावात. मी भिवपुरीच्या वीजघरातला माणूस. तिथल्या क्वार्टर्समध्येच माझी हयात गेली. माझी थोरली लेक त्यांच्या मुलाला दिली आणि हा माणूस माझ्या आयुष्यात आला. मुलीच्या बापाने व्याह्यापुढे थोडं वाकून असावं अशी आपल्याकडे पद्धत आहे. मला वाकावं लागलं नाही. मला फक्त रांगेत उभं राहावं लागलं, कारण व्याह्यांच्या राज्यात रांग सगळ्यांना होती.

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता. मनोऱ्यातून वैमानिकाला काही सांगितलं की त्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. 'चार हजार फुटांवर या' म्हटलं की त्याने 'चार हजार फुटांवर येतो' म्हणायचं, आणि ते ऐकून मनोऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. मगच ती गोष्ट झाली असं समजायचं. आकाशात हा नियम ठीक आहे. पण माझ्या व्याह्यांनी तो जमिनीवर आणला. लग्नाची बोलणी करायला मी माझ्या मेहुण्याला घेऊन प्रथम भिसेगावात गेलो, तेव्हा मी म्हणालो, "लग्न आमच्या दारी व्हावं, एवढीच इच्छा आहे." व्याही म्हणाले, "लग्न तुमच्या दारी व्हावं, एवढीच इच्छा हाय," आणि माझ्याकडे बघत बसले. मेहुण्याला वाटलं हा माणूस आपली टिंगल करतो आहे; तो चपला शोधायला लागला. मग व्याह्यांची पाळी. "आमची मानसं थोडी येतील, हुंडा नाय, मानपान नाय. आता तुमी म्हना." मी मेहुण्याकडे पाहिलं. "मी काय बोललो ते तुमी म्हना व्याही, त्याबिगर पुढं जाता येनार नाय." मी शाळेतल्या पोरासारखं सगळं म्हणून दाखवलं. ते प्रसन्न होऊन म्हणाले, "बरोबर." लेकीचं लग्न असं ठरलं. आमच्या साऱ्या गोतावळ्यात 'तुम्ही असं म्हणाला होतात' आणि 'आम्ही तसं म्हणालोच नव्हतो' हा वाद न झालेलं ते एकमेव लग्न असावं.

त्यांच्या घरात हे अष्टौप्रहर चाले. विहीणबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "मीठ सरलंय, येताना आना." बाहेरून उत्तर येई, "मीठ सरलंय, येताना आनतो." त्यावर विहीणबाईंनी "बरोबर" म्हणेपर्यंत ते पायात चप्पल घालत नसत. एकदा त्या मला म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून मी ह्या मानसाला दिवसातून सतरा येळा बरोबर म्हनते. कंच्या बायकोनं नवऱ्याला एवढं बरोबर म्हनलंय, तुमीच सांगा." आकड्यांचंही तेच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत घोळ होतो म्हणून ते 'पाच नऊ' आणि 'सहा नऊ' असे सुटे आकडे बोलत. भिसेगावातल्या वाण्याला तर इतकी सवय लागली की तो दुसऱ्या गिऱ्हाइकांनी मागितलेला जिन्नसही मोठ्याने परत म्हणून दाखवायचा आणि 'बरोबर' येईपर्यंत तागडीला हात लावायचा नाही. त्या दुकानात उधारीवरून भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही.

लग्न भिवपुरीला, आमच्या क्वार्टर्सच्या मैदानात झालं. बौद्धाचार्य पुढे उभे राहून त्रिशरण आणि पंचशील म्हणत होते आणि मांडवातली माणसं त्यांच्या मागून म्हणत होती. मी नवऱ्या मुलीचा बाप, माझे डोळे भरून आलेले. सहज व्याह्यांकडे पाहिलं तर ते डोळे मिटून उभे, चेहऱ्यावर स्वर्गसुख. एक जण सांगतो आहे आणि शे-दोनशे माणसं ते जसंच्या तसं परत म्हणताहेत, याहून मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. चार शीलं बिनबोभाट पार पडली. पाचवं दारू न पिण्याचं. तिथे जावयाचे चार मित्र शेवटच्या रांगेत उभे होते, ते नुसतेच पुटपुटले. व्याह्यांचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी हात वर केला आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "थांबा गुरुजी. मागच्या रांगेतून उत्तर नाय आलं." बौद्धाचार्य थांबले. सगळा मांडव वळून मागे बघायला लागला. पाचवं शील पुन्हा म्हटलं गेलं, आणि त्या चौघांनी ते अशा खणखणीत आवाजात म्हटलं की वीजघराच्या फाटकावरचा पहारेकरी काय झालं म्हणून धावत आला. त्यांच्यापैकी दोघांनी त्यानंतर खरंच सोडली असं म्हणतात. व्याह्यांना विचारलं तर म्हणायचे, "त्यात माझं काय? त्यांनी सोताच्या तोंडानं म्हनलं ना."

जेवणाच्या वेळी तर त्यांनी कहर केला. मोठं, जड विमान उतरलं की मागे बराच वेळ हवा घुसळलेली राहते, म्हणून मागच्या लहान विमानाला थोडं थांबवायचं असतं, हे शास्त्र त्यांनी मला तिथे मांडवाच्या दारात उभं राहून शिकवलं. त्याप्रमाणे पंगतीत जागा रिकामी झाली की आधी कोण उठलं ते ते बघत. खोपोलीचे माझे थोरले साडू म्हणजे अंगाने आडवेतिडवे भरलेले. ते उठल्यावर त्यांच्या पाटावर बसायला माझा काटकुळा पुतण्या निघाला, तर व्याह्यांनी त्याला दंडाला धरून थांबवलं. "जरा थांब रं बाबा. आत्ताच जंबो गेलाय." साडू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण ते गर्दीचं जेवण इतकं शांतपणे उरकलं की वाढप्यांना मधून पान खायलाही सवड मिळाली.

लेक सासरी गेल्यावर मी रविवारी तिला भेटायला जायचो. एकदा गेलो तर व्याही फाटकातच उभे. घरात अगोदरच दोन पाव्हणे बसलेले, तिसरे न्हाणीघरात हातपाय धुताहेत. मला म्हणाले, "व्याही, तुमी त्या पिंपळापातुर जाऊन एक चक्कर मारून या. आलात की लगेच घेतो." मी मुलीचा बाप, हातात फणसाची पिशवी, आणि हा गृहस्थ मला आभाळातल्या विमानासारखा घिरट्या घालायला लावतो आहे. राग आला. तरी गेलो. पिंपळाला वळसा घालून परत आलो तर अंगणात खुर्ची मांडलेली, तांब्या भरलेला, चहा तयार, आणि माझी लेक दारात हसत उभी. घरातले पाव्हणे मागच्या दाराने वाटेला लागलेले. तेव्हापासून मला त्या घरात कधी दाटीवाटीने बसावं लागलं नाही की चहासाठी ताटकळावं लागलं नाही. पुढे पुढे मीच फाटकाशी थांबून विचारायला लागलो, "येऊ का, की चक्कर मारू?"

पण हा माणूस खरा कळायचा तो संध्याकाळी. मुंबईची पाळी करून आला की तो ओटीवर आरामखुर्ची टाकायचा. माथेरानच्या डोंगरामागे ऊन उतरायला लागलं की भिसेगावावर एक मऊसर, पिवळी साय धरल्यासारखा उजेड येतो. त्या उजेडात, मुंबईकडे उतरत जाणारी विमानं आमच्या डोक्यावरून जात. बाकीच्या जगाला आभाळ म्हणजे मोकळी जागा. व्याह्यांना तिथे रस्ते दिसत. "ह्यो बघा, आंब्याच्या शेंड्यावरून जातो ना, त्यो मद्रासचा रस्ता. आनि ढाकच्या डोंगरावरून येतो त्यो हैदराबादचा." असं ते हळू आवाजात सांगत राहिले की मला खरोखर वर पाऊलवाटा दिसायला लागायच्या, शेताच्या बांधावरून माणसं घरी परततात तशी विमानं एकामागून एक जाताहेत, आणि कुणीतरी खाली बसून प्रत्येकाला 'ये बाबा, आता तू ये' म्हणतं आहे. मी म्हणालो, "तुम्ही स्वतः बसलात का हो कधी विमानात?" ते म्हणाले, "रस्त्यावरचा पोलीस काय परत्येक मोटारीत बसून बघतो का?" मग म्हणाले, "एक वैमानिक मला बोल्ला होता, श्रावनात तुमच्या कर्जतवरून येताना खाली नुसतं हिरवं हिरवं दिसतं, उतरू नये वाटतं. मी बोल्लो, उतरावं तर लागंल. त्यो बोल्ला, उतरावं तर लागंल. मग मी बोल्लो, बरोबर." त्यांच्या वडिलांना गावच्या पाणवठ्यावर लांब थांबवलं जायचं, कुणी वाढील तेव्हा पाणी. त्याच माणसाचा मुलगा मोठमोठ्या कप्तानांना आभाळात थांबा म्हणायचा आणि ते थांबायचे. हे व्याह्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण ते ओटीवर बसले की मला ते आठवायचं आणि फार अभिमान वाटायचा.

आता विधेयकाचं. त्यांच्या मनोऱ्यातली यंत्रं जुनी झाली होती. रेडिओत खरखर, कागदाच्या पट्ट्यांवर विमानांची नावं लिहून त्या हाताने सरकवायच्या, दुर्बिणीने बघायचं. परदेशात म्हणे पडद्यावर प्रत्येक विमानाचा ठिपका दिसतो आणि त्याच्या शेजारी त्याचं नाव आणि उंची लिहून येते. आपल्याकडेही तसं व्हावं, विमानतळांची कमाई वेगळी राहावी आणि तिच्यातून मनोऱ्यांना नवी यंत्रं मिळावीत, असा एक कायदा करायचं दिल्लीत चाललं होतं. लोक क्रिकेटचा धावफलक ठेवतात तसे आमचे व्याही त्या विधेयकावर नजर ठेवून असत. ते मांडलं गेलं, ते समितीकडे गेलं, ते समितीतून आलं. त्यांच्या तोंडी 'विधेयक' हा शब्द एखाद्या लांबच्या, आजारी पण हुशार भाच्यासारखा यायचा. भाजीवाल्या मावशीही विचारायच्या, "आबा, तुमचं ते दिल्लीचं कसं हाय आता?" "समितीत हाय, मावशी." "मंग आता काय भ्याव नाय," म्हणून मावशी मेथीची जुडी पिशवीत टाकायच्या.

आणि मग सभागृहच बरखास्त झालं. विधेयक मंजूर न होता तसंच बुडालं. पुन्हा पहिल्यापासून मांडायला हवं. व्याही आठवडाभर ओटीवर बसले पण वर बघितलं नाही. निवडणूक आली तेव्हा कर्जतच्या चौकात एका उमेदवाराची सभा झाली. व्याही उठून उभे राहिले. "साहेब, मनोऱ्याच्या विधेयकाचं काय?" उमेदवार क्षणभर गांगरला, मग दोन्ही हात वर करून म्हणाला, "निवडून आलो की कर्जतला मनोरा उभा करू!" टाळ्यांचा कडकडाट. व्याही बसले नाहीत. "परत सांगा," ते म्हणाले. उमेदवाराला ही मागणी फार आवडली. त्याने दुप्पट जोराने सांगितलं. व्याही म्हणाले, "चूक," आणि टोपी घालून चालू लागले.

एवढी धडपड यंत्रांसाठी का, असं मला वाटायचं. नोकरीची थोडी वर्षं उरलेली. नवं यंत्र आलं काय, न आलं काय. ते मला कळलं आमच्या वीजघरात. व्याही मधूनमधून भिवपुरीला यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "चला, तुमची यंत्रं बघू." आमच्या मशीनहॉलमध्ये पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या चक्रांची अशी घरघर असते की दोन माणसं कानाशी तोंड लावून बोलली तरी ऐकू येत नाही. आम्ही तिथे नोकरी केलेली माणसं खुणांनी बोलतो आणि एकमेकांचे ओठ वाचतो. त्यामुळे दुसरा कुणी ओठ वाचत असला की ते आमच्या लगेच ध्यानात येतं. त्या दिवशी मी सहज, आवाज न चढवता, यंत्राकडे हात करून काहीतरी म्हणालो आणि व्याह्यांनी त्याला अचूक उत्तर दिलं. बाहेरून आलेल्या माणसाला हे जमत नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते ओशाळं हसले आणि काहीतरी बोलले. मला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खूण केली, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द ओठांनी घडवत.

"माझा डावा कान गेला, व्याही. उजवा बी चाललाय."

मी ते परत म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर."

बाहेर, पाण्याच्या कालव्याशी बसून त्यांनी सगळं सांगितलं. घरात मुळात सवय म्हणून 'परत सांगा' म्हणायचे, पण हल्ली वर्षभर गरज म्हणून म्हणत होते. लोक तो जुना चक्रमपणा समजत राहिले आणि कुणाला संशय आला नाही. वार्षिक तपासणी पुढच्या पावसाळ्यानंतर. त्यात कान पकडला गेला की मनोरा सुटला. पण त्याच्या आत कायदा झाला, पडदे आले, तर जे कानाला कळत नाही ते डोळ्यांना लिहिलेलं दिसेल. "आवाज चुकंल, पन आकडा समोर लिवलेला चुकनार नाय. मग मी बसू शकतो, व्याही. रिटायर होईपातुर बसू शकतो." मी विचारलं, "आणि तोवर?" ते पाण्याकडे बघत म्हणाले, "तोवर कान देऊन ऐकतो." मग म्हणाले, "तुमच्या हॉलमंदी मला लई बरं वाटतं. तितं सगळी मानसं माज्यासारखी." मला हसू आलं असतं एरवी.

नव्या सभागृहात विधेयक पुन्हा मांडलं गेलं. आता मीही त्यावर नजर ठेवून होतो. व्याही संध्याकाळी बातम्यांना रेडिओ उजव्या कानाशी धरून बसत आणि माझी लेक समोर बसून, ऐकू आलेलं सगळं तोंड त्यांच्याकडे करून पुन्हा म्हणत असे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या घरात वावरता वावरता तिला आपोआपच उमगलं असावं की आबांशी पाठमोरं बोललं तर 'बरोबर' येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस ती बोलता बोलता थांबली आणि मग म्हणाली, "आबा, खालच्या सभागृहात मंजूर झालं." ते म्हणाले, "खालच्या सभागृहात मंजूर झालं." ती म्हणाली, "बरोबर," आणि रडायलाच लागली. व्याह्यांनी भिसेगावात पेढे वाटले. घेणारा प्रत्येक जण विचारी, "नातू झाला का?" ते म्हणत, "कायदा झाला."

पण कायदा झाला म्हणून यंत्रं दुसऱ्या दिवशी मनोऱ्यात चालत येत नाहीत. अजून वरचं सभागृह होतं, सही होती, मागणी होती, परदेशातून येणाऱ्या पेट्या होत्या. आणि पाऊस लागला. ढगांत दुर्बीण आंधळी, रेडिओत खरखर दुप्पट. एका दुपारी मी पाळी संपवून क्वार्टर्सवर आलो तर व्याही आमच्या पायरीवर बसलेले. छत्री मिटलेली, कपडे भिजलेले. ते मुंबईहून कर्जतला न उतरता अलीकडे भिवपुरीलाच उतरून आले होते. माझ्या बायकोने टॉवेल दिला, चहा ठेवला. त्यांनी डोकं पुसलं. मग म्हणाले, "मी एका इमानाला पाच हजार बोल्लो. त्यानं परत म्हनताना चार म्हनलं. आनि मी बोल्लो, बरोबर."

माझ्या बायकोने चहाची कपबशी त्यांच्याजवळ ठेवली.

"बाजूच्या पोरानं ऐकलं. त्यानं तितल्या तितं दुरुस्त केलं. खाली दुसरं कुनी नव्हतं, काय झालं नाय." ते माझ्याकडे बघत होते, माझ्या ओठांकडे नव्हे. "पन मी चुकीला बरोबर म्हनलं, व्याही."

माझी बायको म्हणाली, "मानसं सुखरूप उतरली ना? मंग झालं." त्यांनी मान हलवली. मी विचारलं, "साहेबांना कळलं?" ते म्हणाले, "मीच सांगितलं. रेडिओ ऐकायचं कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आनि बोल्लो, माजा कान गेलाय, मला खाली उतरवा. त्ये बोल्ले, कायदा होतोय, दोन-चार महिने कळ काढा, रजा घ्या, पडदे आले की या. मी बोल्लो, पडदे आले तरी आता नाय. बरोबर म्हनायचा माजा हक्क गेला." एवढं बोलून त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून, आवाज न करता. ज्या खुर्चीसाठी तो माणूस इतके दिवस दिल्लीकडे डोळे लावून बसला होता, ती कायदा दारात येऊन उभा असताना त्याने स्वतः सोडली होती. कुणी मागितली नव्हती. त्यांच्याइतका मोठा माणूस मी आमच्या साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांत पाहिला नाही, आणि त्या दिवशी मला त्यांना हे सांगता आलं नाही.

उरलेली नोकरी त्यांनी तळमजल्यावर, कागदपत्रांच्या खोलीत काढली. पडदे आले ते व्याही निवृत्त झाल्यानंतर. ज्या पोराने चूक पकडली होती तो आता मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने आग्रहाने बोलावलं म्हणून ते मला घेऊन गेले. खोलीत हिरवट उजेड, पडद्यावर ठिपके, प्रत्येकाशेजारी नाव आणि उंची, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसं. पोराने स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. व्याही बसले. त्यांनी कशालाही हात लावला नाही. नुसते एकेका ठिपक्याकडे, झोपलेल्या नातवंडांकडे बघावं तसे बघत राहिले. पोराने विचारलं, "कसं वाटतं, आबा?" ते म्हणाले, "लई ग्वाड हाय. सगळं लिवलेलं हाय." मग उठले, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मधनं मधनं वर मनोऱ्यात जाऊन काचंतून बी बघत जा रं."

हल्ली ते घरात कुणालाच 'परत सांगा' म्हणत नाहीत. सांगितलेलं कळलं नाही तर नुसते हसतात. विहीणबाईंना त्याचा फार त्रास होतो. त्या म्हणाल्या, "आता मी काय बी बोल्ले तरी चालतं. असं जगायची सवय नाय ओ मला."

रविवारी मी अजून जातो. संध्याकाळी आम्ही दोघं ओटीवर बसतो. यंत्रांच्या घरघरीत राहूनही माझे कान बरे आहेत, डोळे मात्र अधू झाले; त्यांचं उलटं. बोलणं फारसं होत नाही. डोंगरामागे ऊन उतरत असतं, अंगणात कोंबड्या शेवटचं काही टिपत असतात, आणि कधीतरी व्याह्यांची हनुवटी हळूच वर होते, आंब्याच्या शेंड्याकडून मुंबईच्या बाजूला सरकत जाते. मला काही दिसत नाही. बऱ्याच वेळाने, ते पुन्हा अंगणाकडे बघायला लागल्यावर, वरून मंद गुरगुर माझ्यापर्यंत पोचते. मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणतो, "विमान आलं वाटतं."

ते माझे ओठ वाचतात आणि मान हलवतात.

"आलं कुठं, व्याही," ते म्हणतात, "गेलं ते."